‘आज भूल कोण देणार?’ या प्रश्नापासून विभागापर्यंत

दुसऱ्या वर्षाच्या एका रेसिडेंटने (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने) विचारलं आहे: ‘आमच्या मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागाला पन्नास वर्षं होताहेत. स्मरणिकेसाठी विभागाच्या सुरुवातीच्या काळावर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जगातला पहिला स्वतंत्र विभाग अमेरिकेत विस्कॉन्सिनला झाला असं वाचलं. तो कसा उभा राहिला? आणि असा इतिहास लिहायला बसलं की नेमकं शोधायचं काय?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी विस्कॉन्सिनला जाऊ. एक दुरुस्ती मात्र लगेच करतो. १९२७ साली तिथल्या मॅडिसन शहरात जे सुरू झालं ते कागदोपत्री स्वतंत्र नव्हतं, शल्यचिकित्सा विभागाच्या पोटातच होतं. तरीही जगभरचे भूलतज्ज्ञ आपलं मूळ गाव म्हणून त्याच जागेकडे बोट दाखवतात. मला वाटतं ते बरोबर आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हे भुलीचं औषध दिलं, ही तारीख तुम्हाला पाठ असेल. पुढच्या मार्चमध्ये ईथर कलकत्त्याला पोचलंसुद्धा. आगबोटीच्या जमान्यात इतक्या वेगाने पसरलेली दुसरी वैद्यकीय विद्या मला आठवत नाही. पण ही विद्या शिकवणारा, तिच्याबद्दल जबाब देणारा माणूस शिकवणाऱ्या रुग्णालयात रीतसर नेमला जायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. भूल देणं हे ‘कुणीतरी’ उरकायचं काम होतं. माझे सर सांगायचे, त्यांच्या उमेदवारीत जिल्ह्याच्या रुग्णालयात सर्जन हात धुता धुता मागे वळून विचारत, ‘आज भूल कोण देणार?’ जो मोकळा असेल तो पुढे व्हायचा. तारेच्या मास्कवर गॉज, त्यावर थेंब थेंब औषध, आणि डोळे मात्र ऑपरेशनकडे, कारण त्या पोराला व्हायचं असायचं सर्जन.

अमेरिकेत हे काम पुष्कळ ठिकाणी नर्सेस करत होत्या आणि उत्तम करत होत्या. मेयो क्लिनिकच्या ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ साली चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा छापला. तेव्हा डॉक्टरांनी येऊन नर्सेसच्या हातून ही विद्या सोडवली, अशी कथा कुणी सांगितली तर ती लिहू नका. हातांची कमतरता नव्हती. भुलीत घडलेल्या गोष्टीचं कारण शोधणं हे कुणाच्याच नोकरीचा भाग नव्हतं, ही उणीव होती.

मॅडिसनमध्ये ही उणीव भरून काढणारा राल्फ वॉटर्स हा ओहायोत १८८३ साली जन्मलेला माणूस. १९१२ ला डॉक्टर झाला आणि पुढच्या वर्षी आयोवातल्या सू सिटी गावात जनरल प्रॅक्टिस करू लागला. बाळंतपणं, सर्दी-ताप, अधूनमधून भूल. गावातले सगळेच डॉक्टर एकमेकांच्या पेशंटना अशी अधूनमधून भूल देत आणि कुणालाच ती धड येत नसे. वॉटर्सने हळूहळू बाकीचं सोडलं आणि भुलीवरच पोट भरायचं ठरवलं. भर गावात त्याने एक छोटा दवाखाना काढला. दाताचे डॉक्टर, सर्जन आपापले पेशंट तिथे आणत, लहानसं ऑपरेशन होई, पेशंट जरा पडून राही आणि त्याच दिवशी घरी जाई. १९१९ मध्ये त्याने या दवाखान्यावर लेख लिहिला. आज आपण ‘डे केअर’ म्हणतो त्याचा हा पणजोबा.

त्याच सुमारास त्याच्या डोक्यात वायूचा खर्च बसला होता. पेशंटने उच्छ्वासातून सोडलेली भूल हवेत जाते, म्हणजे विकत घेतलेलं औषध खिडकीतून जातं. ती परत वापरायची तर त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायला हवा. डेनिस जॅक्सनने १९१५ मध्ये प्राण्यांवर असं यंत्र चालवून दाखवलं होतं, पण ते अवजड होतं. वॉटर्सने कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं सोडालाइम एका डब्यात भरलं आणि तो डबा मास्क आणि पिशवी यांच्यामध्ये बसवला. श्वास जाताना त्यातूनच जाणार, येतानाही त्यातूनच येणार. हीच ‘टू अँड फ्रो’ पद्धत. यावरचा त्याचा लेख १९२४ चा आहे.

हा ‘वॉटर्स कॅनिस्टर’ मी स्वतः वापरला आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. मोठ्यांसाठीचा डबा साधारण ८ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर लांब असे. सोडालाइम भरताना तो ठोकून ठोकून गच्च भरावा लागे. डबा आडवा राहतो, भरण सैल पडलं की वर पोकळी होते, श्वास त्या पोकळीतून सरळ निघून जातो आणि कार्बन डायऑक्साइड तसाच पेशंटकडे परततो. पेशंटच्या बाजूचं सोडालाइम आधी संपतं, मग तेवढा भाग नुसती डेड स्पेस, म्हणजे श्वास शुद्ध न करणारी रिकामी जागा, बनतो. तास-दीड तासाने डबा हाताला चांगला गरम लागायचा. तो गरम लागला की बरं वाटायचं, कारण आत रसायन काम करतंय याची ती खूण. चेहऱ्याशेजारी एवढं वजन सांभाळायचं, नळीला ओढ बसू द्यायची नाही, आणि सोडालाइमची पूड श्वासनलिकेत जाणार नाही हेही बघायचं. आता वर्कस्टेशनवर, म्हणजे स्क्रीनवाल्या नव्या भूल-यंत्रावर, वाढलेल्या मुलांना यातलं काही माहीत नसतं. त्यात त्यांचा दोष नाही, पण या डब्याने मला वायू कुठून कुठे जातो हे जितकं शिकवलं तितकं कुठल्याच स्क्रीनने शिकवलं नाही.

सू सिटीहून वॉटर्स कॅन्सस सिटीला गेला आणि तिथून १९२७ साली मॅडिसनला. मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी, दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेली. विद्यापीठाचं विस्कॉन्सिन जनरल हॉस्पिटल १९२४ ला उघडलेलं, म्हणजे भिंतींचा रंगही अजून नवा होता. वैद्यकीय अभ्यासक्रम आधी दोनच वर्षांचा होता, तो नुकताच चार वर्षांचा झाला होता. शल्यचिकित्सेचे प्रमुख एर्विन श्मिट यांनी वॉटर्सला बोलावून घेतलं. इतिहासात श्मिट यांचं नाव बारीक अक्षरात येतं. ते मोठ्या अक्षरात यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या ऑपरेशन टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला आपल्याला ‘थांबा’ म्हणू शकेल असा माणूस स्वतःहून आणून बसवणारे सर्जन त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे सायक्लोप्रोपेन या भुलीच्या वायूवरच्या लेखात वॉटर्स आणि श्मिट अशी दोन्ही नावं शेजारी छापली गेली.

वॉटर्सने स्वतःपुढे चार कामं ठेवली होती. रुग्णाला उत्तम भूल मिळावी. डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान माहीत असलेलं तरी शिकवावं. पदवीनंतर मुक्कामाला येणाऱ्यांना भूल द्यायला शिकवावंच, पण भूल शिकवायलाही शिकवावं. आणि हे सगळं चालू असताना शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्राच्या लोकांबरोबर संशोधन करावं. तिसरं काम पुन्हा वाचा. शिकवणारे तयार करणं हे काम त्याने रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवसापासून धरलं होतं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यातला काही काळ प्रयोगशाळेत.

शरीरक्रियाशास्त्रात वॉल्टर मीक होते, औषधशास्त्रात चॉन्सी लीक. लीक लवकरच कॅलिफोर्नियाला गेले, पण जाण्याआधी कार्बन डायऑक्साइडवर त्यांनी आणि वॉटर्सने मिळून काम केलं. इंडियानात भुलीची प्रॅक्टिस केलेला वॉटर्सचा मित्र आर्थर ग्वेडेल याच्याबरोबर श्वासनलिकेत घालायच्या, फुगा असलेल्या नळीवर १९२८ मध्ये लेख निघाला. ती नळी हवा आणि पाणी खरोखर अडवते हे पटवायला ग्वेडेलने भूल दिलेल्या कुत्र्याला नळी घालून पाण्याच्या टाकीत बुडवून दाखवलं होतं. त्या कुत्र्याचं नाव होतं ‘एअरवे’. पुढे १९३२ मध्ये छातीचे सर्जन जोसेफ गेल आणि वॉटर्स यांनी अशी नळी एका श्वासवाहिनीत पुढे सरकवून एकाच फुप्फुसाला श्वास देण्याची पद्धत मांडली. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचं दार त्याने किलकिलं झालं.

पण यंत्रं आणि नळ्या बाजूला ठेवू. मॅडिसनचा विभाग माझ्या मते दोन साध्या गोष्टींवर उभा राहिला: भुलीचा कागद आणि आठवड्याची बैठक.

प्रत्येक भुलीची नोंद व्हायची. काय दिलं, किती दिलं, नाडी, रक्तदाब, श्वास, नंतर वॉर्डात काय झालं. ही माहिती सांकेतिक आकड्यांत बदलून भोकं पाडलेल्या कार्डांवर नेत, म्हणजे अमुक भुलीनंतर न्यूमोनिया किती जणांना झाला हे चाळून काढता येई. संगणक नसताना! आणि दर आठवड्याला सगळे बसत. त्या आठवड्यातल्या केसेस, झालेले घोटाळे, मृत्यू झाला असेल तर तो. ज्याने भूल दिली त्याने उभं राहून सांगायचं. प्रयोगशाळेतले, इतर विभागांतले लोकही येत. नवीन छापून आलेल्या लेखांवर चर्चा होई. आपल्याकडची मॉर्टॅलिटी मीटिंग आणि जर्नल क्लब याच घराण्यातले.

याचं वजन मला कधी कळलं ते सांगतो. मी रेसिडेंट असताना रात्रीची एक केस होती, आतड्याला पीळ पडलेले वयस्कर शेतकरी. भूल देताना रक्तदाब बराच खाली गेला, सलाइन आणि औषधांनी वर आला, ते वाचले. मी गडबडीत होतो, चार्ट पहाटे भरला. सकाळी सरांनी तो हातात घेतला. दर पाच मिनिटांची नाडी ९०, ९०, ९०, ९०. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘हे लिहिताना तू ऑपरेशन थिएटरमध्ये होतास की चहाच्या टपरीवर?’ मग केसपेपर काढायला लावला आणि सिस्टरच्या नोंदीशी माझा चार्ट ताडून बघायला लावला. रक्तदाब कधी पडला हे माझ्या कागदावरून कळतच नव्हतं. म्हणजे पुढच्या माणसाला माझ्याकडून शिकायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी चार्ट टेबलाशेजारी उभा राहूनच भरला आणि निवृत्त होईपर्यंत रेसिडेंटचे सरळ रेषेतले चार्ट परत पाठवले.

आता सायक्लोप्रोपेन, कारण मॅडिसनचं नाव त्यामुळे जगभर झालं. टोरोंटोत लुकास आणि हेंडरसन प्रोपिलीन वायूतल्या भेसळीचा शोध घेत होते. ती भेसळच मूळ वायूपेक्षा सरस भूल देते असं निघालं. १९२९ मध्ये त्यांनी ते छापलं. हेंडरसन यांनी तो वायू स्वतःवर घेऊनही पाहिला. पण रुग्णांवरची रीतसर चाचणी १९३० पासून झाली ती मॅडिसनमध्ये, आणि मोठा लेख आला १९३४ मध्ये. मध्ये जवळजवळ चार वर्षं. नवा वायू हातात आहे, सर्जन खूश आहेत, पेशंट झटकन झोपतोय, आणि तरी वॉटर्स घाईने गाजावाजा करत नाही, कार्डं भरत बसतो. हा धीर विभागाच्या शिस्तीतून आलेला आहे.

सायक्लोप्रोपेन महाग होता आणि ठिणगी पडली तर स्फोट होई, म्हणून तो बंद प्रणालीतच द्यायला हवा होता. वॉटर्सचा डबा जणू त्याचीच वाट पाहत होता. हा वायू श्वास मंद करतो, त्यामुळे पिशवी दाबून श्वास देणं आलं आणि नियंत्रित श्वसन हळूहळू भूलतज्ज्ञाच्या रोजच्या कामाचा भाग झालं. माझ्या विद्यार्थिदशेत बॉइल मशीन या जुन्या भूल-यंत्रावर त्याचं छोटं नारिंगी सिलिंडर अजून दिसायचं. ते सिलिंडर लावलं की ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले) मामा, म्हणजे मदतनीस, कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाची) वायर आधी काढून ठेवत. त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

थायोपेंटोन हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं तेही मॅडिसनमध्ये, ८ मार्च १९३४ रोजी, वॉटर्सच्या हातून. मेयोमध्ये जॉन लंडी यांनी तीन महिन्यांनी सुरुवात केली आणि त्याचा प्रसार प्रामुख्याने त्यांनी केला. कुणाचं नाव आधी, यावर भूलतज्ज्ञ अजून वाद घालतात. मला त्यात रस नाही.

क्लोरोफॉर्मच्या बाबतीत मात्र आपल्या मातीशी धागा जुळतो. निजामाच्या राज्यात, ज्यात आपला मराठवाडाही होता, हैदराबादला १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासावर नजर ठेवा, पुरे. निजामाच्या पैशातून शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. त्याच हैदराबादेत लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी भूल देत होत्या, जगातल्या पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. पण कमिशनचा निष्कर्ष अपुरा होता. १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये ॲड्रेनलिन वाढलं की हृदय अचानक फडफडून थांबू शकतं. मीक यांच्या प्रयोगशाळेने हाच प्रश्न क्लोरोफॉर्म, ईथर आणि स्वतःच्या लाडक्या सायक्लोप्रोपेनलाही लावला, आणि १९३७ मध्ये सायक्लोप्रोपेनचा तोच धोका छापून मोकळे झाले. ज्या वायूने आपल्याला नाव दिलं त्याचा दोष आपल्याच घरातून बाहेर काढणं सोपं नसतं. वॉटर्सने क्लोरोफॉर्मचीही शंभर वर्षांनंतर नव्याने तपासणी केली. ते पुस्तक १९५१ मध्ये आलं.

१९३३ मध्ये वॉटर्स पूर्ण प्रोफेसर झाला. मला मात्र त्याच्या पदापेक्षा त्याच्या हाताखालून गेलेल्यांची यादी जास्त मोलाची वाटते. एमरी रोव्हेनस्टाइन आधी जनरल प्रॅक्टिस करायचे. मॅडिसनला शिकले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात गेले, तिथे नवा विभाग उभा केला. स्वीडनचे टॉर्स्टेन गोर्ड १९३८ ते १९४० मॅडिसनला राहिले आणि युद्ध पेटलेलं असताना मायदेशी परतून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात काम सुरू केलं. ऑक्सफर्डला लॉर्ड नफिल्ड यांनी आपली देणगी देताना भूलशास्त्राचं अध्यासन असायलाच हवं असा हट्ट धरला. त्या अध्यासनावर १९३७ मध्ये आलेले रॉबर्ट मॅकिन्टॉश विभाग कसा चालतो ते बघायला मॅडिसनला जाऊन आले. वॉटर्स म्हणजे पाणी, म्हणून शिष्यांनी स्वतःला नाव घेतलं ‘ॲक्वालम्नाय’, पाण्याचे माजी विद्यार्थी.

आणि व्हर्जिनिया ॲपगार. न्यूयॉर्कला कोलंबियात सर्जरी करत होत्या. प्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना भुलीकडे वळवलं. आधी वर्षभर तिथल्या नर्स भूलतज्ज्ञांकडे शिकल्या, मग १९३७ मध्ये सहा महिने मॅडिसनला. तिथे स्त्री रेसिडेंटसाठी राहायची सोयच नव्हती, बिऱ्हाड हलवत दिवस काढावे लागले. मग सहा महिने रोव्हेनस्टाइन यांच्याकडे, आणि १९३८ मध्ये कोलंबियात भुलीच्या शाखेच्या प्रमुख. जन्मताच बाळाची तब्येत जोखणारा ॲपगार स्कोर, जो आज आपल्या तालुक्याच्या बाळंतपणाच्या खोलीतली सिस्टरही तोंडपाठ म्हणते, तो त्यांनी १९५३ मध्ये छापला. पाच गोष्टी बघा, दर गोष्टीला शून्य, एक किंवा दोन गुण द्या, आणि लिहून ठेवा. ‘लिहून ठेवा’ हे शेवटचं मला मॅडिसनच्या कार्डांची आठवण करून देतं.

आता तुमची स्मरणिका. पहिले प्रमुख कोण, उद्घाटन कुणाच्या हस्ते, नवं मशीन कधी आलं, हे प्रत्येक स्मरणिकेत असतं, तुम्हीही एका पानात उरका. त्यानंतर जुनी ओटी रजिस्टरं मागवा. त्यात ‘भूल देणारा’ असा रकाना असतो. तो कधीपासून आहे ते पहा. सुरुवातीला तिथे सर्जनच्या हाताखालच्या हाऊसमनचं (शिकाऊ डॉक्टरचं) नाव दिसेल, किंवा रकाना कोराच असेल. एखाद्या वर्षापासून तिथे भूल विभागाच्या माणसाचं नाव सलग येऊ लागतं. तुमचा विभाग त्या वर्षी सुरू झाला असं समजा, मग शासनाचा आदेश कुठल्याही तारखेचा असो.

मग पहिला छापील चार्ट शोधा. त्यात श्वासाचा रकाना होता का, वॉर्डातल्या नोंदीसाठी जागा होती का. मॉर्टॅलिटी मीटिंगचं वहीतलं पहिलं पान मिळालं तर सोनं. पहिल्या दहा रेसिडेंटपैकी कोण कुठल्या गावी गेलं आणि तिथे त्यांच्याआधी भूल कोण देत होतं, तेही विचारा. निवृत्त मामा आणि ओटीच्या सिस्टर यांच्या घरी जा, फोनवर विचारू नका. सायक्लोप्रोपेन कधी बंद झालं, बॉइलला पहिलं व्हेंटिलेटर कधी जोडलं, वीज गेली की पिशवी कोण दाबायचं, हे त्यांना वर्षासकट आठवतं. तुमच्या सर्जरीच्या जुन्या प्रमुखांनाही भेटा. भूलतज्ज्ञाने पहिल्यांदा ‘ही केस आज नको’ म्हटलं तेव्हा त्यांनी काय केलं, हा प्रश्न त्यांना नक्की विचारा.

हे सगळं फेब्रुवारी संपायच्या आत करा. मार्चअखेरीस रेकॉर्ड रूम साफ होते आणि जुनी रजिस्टरं सगळ्यात आधी रद्दीत जातात.